गुलाबावरच्या माव्याची वर्गवारी

“अहो, गच्चीत या लवकर! आणि येताना साबणाच्या पाण्याची बाटली आणा,” अशी हाक आली तेव्हा इंडेक्सकाका घरातले जुने चष्मे टेबलावर मांडून बसले होते. जवळचे, लांबचे आणि काडी मोडलेले असे तीन ढीग झाले होते. जो जवळचाही आहे आणि ज्याची काडीही मोडली आहे तो चष्मा कुठल्या ढिगात घालावा, इथे घोडं पेंड खात होतं. पण हाकेतला सूर ओळखून त्यांनी सगळं तसंच टाकलं आणि बाटली घेऊन ते गच्चीत गेले.

काकू कोपऱ्यातल्या कुंडीपाशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. गुलाबाच्या शेंड्यावर वाटाण्याएवढी एक कळी आली होती आणि तिच्या देठाला मोहरीएवढे हिरवे किडे एकाला एक चिकटून बसले होते.

“मावा पडलाय,” काकू म्हणाल्या. “द्या ती बाटली.”

काकांनी बाटली पाठीमागे नेली. “कुठला मावा?”

“कुठला म्हणजे? गुलाबावरचा!”

“अगं, गुलाबावर राहणाऱ्या माव्याच्या कितीतरी जाती असतात. ओळख पटवल्याशिवाय फवारा मारायचा म्हणजे पुस्तक न उघडताच रद्दीत घालण्यासारखं झालं.”

“तीस वर्षं हॉस्पिटलात काढली मी. बेशुद्ध माणूस आला की आधी सलाइन लावायचो, नावगाव मागाहून विचारायचो.”

“म्हणूनच तुमच्याकडे कागदपत्रांचा कायम घोळ असायचा,” काका शांतपणे म्हणाले.

इंडेक्सकाका चौतीस वर्षं शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात ग्रंथपाल होते. तिथलं एकही पुस्तक त्यांनी क्रमांकाशिवाय कपाटात जाऊ दिलं नव्हतं आणि एकही वाचक कार्डाशिवाय आत येऊ दिला नव्हता. निवृत्त झाल्यावर ग्रंथालय सुटलं, हाताची सवय सुटली नाही, आणि मग घर त्यांच्या तावडीत सापडलं. साखरेच्या डब्यावर सहा आकडी क्रमांक आला तेव्हापासून पाहुण्यांना चहा मिळायला वीस मिनिटं लागू लागली. काकू हॉस्पिटलात मेट्रन होत्या. वॉर्डात आवाज चढवायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही, कारण तो मुळातच चढलेला असे.

काकूंचा जीव मात्र गच्चीतल्या चौदा कुंड्यांत होता, आणि त्यातही कोपऱ्यातल्या या गडद लाल गुलाबात. शहरातल्या गुलाब प्रदर्शनात त्याचं फूल चार वर्षं ठेवलं होतं आणि चारही वर्षं त्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं. दुसऱ्या बक्षिसात झाडांना पाणी घालायची झारी देत. घरात चार झाऱ्या झाल्या होत्या. पहिला यायचा तो तळमजल्यावरचा दातांचा डॉक्टर, आणि जिन्यात भेटला की तो काकूंना दरवर्षी न चुकता सांगायचा, “पुढच्या वर्षी तुमचा नंबर हं!” आता प्रदर्शन बारा दिवसांवर आलं होतं, कळी नेमक्या वेळेला धरली होती, आणि तिच्यावर मावा बसला होता. पाचवी झारी घरात आली तर ती घेऊन आपण कुणाच्या तरी डोक्यात घालू, असं काकूंनी मागेच जाहीर केलं होतं.

वाद रंगायच्या आत फोन वाजला. काकूंच्या धाकट्या बहिणीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाएकी उद्यावर आलं होतं आणि मेट्रन बहीण शेजारी असल्याशिवाय ती डोळा उघडायला तयार नव्हती. काकूंनी बॅग भरली. जाताना वॉर्डातल्या खाटेला लावतात तसा एक तक्ता त्यांनी गच्चीच्या दारावर टांगला: सकाळी सात, संध्याकाळी सहा, साबणाचं पाणी, पुढे सहीचा रकाना.

“चार दिवसांचा प्रश्न आहे. फक्त फवारायचं. डोकं चालवायचं नाही. कळलं?”

“कळलं,” काका म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. कळलं होतं, पटलं नव्हतं एवढंच.

काका प्रामाणिक माणूस. न फवारता सही ठोकणं त्यांच्या रक्तात नव्हतं. पहिल्याच सकाळी त्यांनी तक्त्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘ओळख पटेपर्यंत स्थगित,’ आणि खाली वेळ घालून सही केली. मग जुन्या ओळखीवर ग्रंथालयातून किड्यांवरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. पुस्तकात म्हटलं होतं, की माव्याची जात ओळखायची तर त्याच्या पाठीच्या मागच्या टोकाला असलेल्या दोन बारीक नळ्या पाहाव्यात, त्या काळ्या आहेत की फिक्या, आखूड की लांब. काकांनी गुलाबाचं पान डोळ्यांशी नेलं. नळ्या दूरच राहिल्या, किड्याची मागची आणि पुढची बाजू कुठली हेही त्यांना ठरवता येईना.

चांगलं भिंग सगळ्या इमारतीत एकाच माणसाकडे होतं. दातांच्या डॉक्टरकडे.

काकांनी मावा असलेली एक डहाळी काचेच्या बरणीत घातली आणि ते दवाखान्यात गेले. खुर्चीत एक बस कंडक्टर आ वासून पडला होता. त्याच्या गालात कापसाचे बोळे होते आणि डॉक्टर कपाळाला पट्ट्याने बांधलेलं भिंग डोळ्यांवर ओढून त्याच्या दाढेत डोकावत होता.

“डॉक्टर, जरा भिंग हवं होतं. मावा बघायचाय.”

“मावा?” डॉक्टर सरळ झाला. “मेट्रनबाईंच्या गुलाबाला कीड लागली? अरेरे! त्या लालवाल्याला? अगदी कळीवरच? अरेरेरे!” प्रत्येक अरेरेबरोबर त्याचा चेहरा उजळत गेला. “बघू, बघू.”

त्याने डहाळी बरणीतून काढून अवजारांच्या ट्रेमध्ये ठेवली आणि दोघं तिच्यावर वाकले. डॉक्टर म्हणाला नळ्या काळ्या दिसतात, काका म्हणाले ती सावली आहे. तेवढ्यात खुर्चीतून “आँ! आँ!” असा आवाज आला. कंडक्टर डोळे फाडून आपल्या छातीवरच्या कापडाकडे बघत होता. त्यावरून सहा-सात हिरवे किडे रांगेने त्याच्या हनुवटीच्या दिशेने निघाले होते.

“पुढे सरका म्हणायची यांना गरजच नाही,” डॉक्टर म्हणाला आणि हसत सुटला. कंडक्टरला हसता येत नव्हतं. किडे झटकले गेले. कुठे गेले ते कुणी पाहिलं नाही. दवाखान्याच्या मागच्या खिडकीबाहेर डॉक्टरच्या स्वतःच्या गुलाबाच्या नऊ कुंड्या होत्या, हेही त्या क्षणी कुणाच्या ध्यानात आलं नाही. डॉक्टरने जुनं भिंग मोठ्या आनंदाने चार दिवसांसाठी देऊन टाकलं. “अगदी सावकाश ओळखा,” तो म्हणाला. “फवारायची घाई नको.”

भिंगातून पाहिलं आणि काकांपुढे नवीच सृष्टी उघडली. मावा फक्त हिरवा नव्हता. काही किडे गुलाबी होते. काही पांढरे, अगदी पारदर्शक. आणि पानांच्या मागे सोनेरी तपकिरी रंगाचे, फुगलेले, मोत्यासारखे गोल असे पाच-सहा जण होते. नळ्याबिळ्या काका विसरूनच गेले. त्यांच्या ग्रंथालयात इतिहासाला लाल बांधणी, विज्ञानाला हिरवी, कवितेला निळी अशी शिस्त होती. कपाटासमोर उभं राहिलं की रंगावरून विषय कळे. चौतीस वर्षांत त्या पद्धतीने कधी दगा दिला नव्हता, मग ती किड्यांना का लागू पडू नये? चार रंग, म्हणजे चार जाती. काकांनी रजिस्टर उघडलं.

आणि मग त्यांच्या हातून जे घडलं ते फक्त ग्रंथपालाच्याच हातून घडू शकतं. चार विषय एका कपाटात गर्दी करून राहिलेले पाहून त्यांना चैन पडेना. पुस्तकांवरची धूळ झटकायचा मऊ कुंचला त्यांनी घेतला आणि दुपारभर बसून गुलाबी किडे एकेक करून शेजारच्या कुंडीतल्या गुलाबावर हलवले. पांढरे तिसऱ्या कुंडीत नेले. सोनेरी हलत नव्हते, म्हणून त्यांची पानं अलगद कापून दोऱ्याने चौथ्या कुंडीतल्या फांदीला बांधली. हिरवे मूळ जागी, काकूंच्या कळीवरच राहिले. चारही कुंड्यांत काडीला कार्ड खोचलं: विभाग एक, विभाग दोन, विभाग तीन, विभाग चार. सकाळपर्यंत ज्या तीन कुंड्या अगदी स्वच्छ होत्या, त्या संध्याकाळी रीतसर भरल्या होत्या.

विभाग एक आणि दोन फार व्रात्य निघाले. सारखे खात होते आणि सारखे वाढत होते. रजिस्टरमध्ये सकाळी एकेचाळीस लिहिलेला आकडा संध्याकाळी त्रेसष्ट झाला, दुसऱ्या दिवशी एकशे बारा. पुस्तक उघडून पाहिलं तर त्यात लिहिलं होतं, की यांच्यात माद्या नराशिवायच पिल्लं देतात आणि त्या पिल्लाच्या पोटात त्याचं पिल्लू आधीच तयार असतं. काकांनी चौतीस वर्षं नवीन पुस्तकं मंजूर करून घेण्यासाठी समितीच्या पाया पडण्यात घालवली होती. इथे समितीशिवाय आवक चालू होती! त्यांनी आदराने पुस्तक मिटलं.

तीन आणि चार हे विभाग मात्र काकांच्या मनात भरले. पांढरे आणि सोनेरी किडे खात नव्हते, हलत नव्हते, वाढत नव्हते, एकमेकांना ढकलत नव्हते. इतकी शांतता त्यांनी वाचनकक्षात फक्त वार्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी पाहिली होती. “याला म्हणतात शिस्त,” ते विभाग एकला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

तिसऱ्या दिवशी लाल पाठीवर काळे ठिपके असलेले दोन भुंगे गच्चीत आले आणि विभाग एकमध्ये शिरून त्यांनी फडशा पाडायला सुरुवात केली. काकांनी भिंगातून पाहिलं आणि त्यांचा पारा चढला. संग्रह खाणारा वाचक त्यांनी आयुष्यात खपवून घेतला नव्हता. दोघांना कागदावर घेतलं आणि कठड्यावरून हाकलून दिलं. संध्याकाळी ते परत आले, तेव्हा काकांनी त्यांना काड्यापेटीत बंद करून चार गल्ल्या पलीकडच्या बागेत नेऊन सोडलं.

त्या रात्री जाड पुस्तकाची शेवटची पानंही संपली. सोनेरी माव्याची जात त्यात कुठेच नव्हती.  सकाळ होताच काकांनी कृषी महाविद्यालयात फोन लावला. कीटकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“सोनेरी? फुगलेले? आणि अजिबात हलत नाहीत?”

“अजिबात नाहीत. अत्यंत सुसंस्कृत किडे आहेत. बाई, ही जात जर नवी ठरली, तर तिला नाव द्यायचा मान शोधणाऱ्याला असतो ना?”

“असतो बहुतेक,” पलीकडून जरा खोकल्यासारखा आवाज आला. “तुम्ही ठरवलंय का काही?”

“माझ्या बायकोचं नाव द्यायचंय,” काका म्हणाले. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती. बायकोला नावाजण्यासारखं आपण काही दिलं नाही ही खंत त्यांना अधूनमधून खात असे. आता कुठल्याशा संशोधनाच्या ग्रंथात ती कायमची जाऊन बसणार होती, क्रमांकासकट.

“मी उद्या येतेच,” प्राध्यापिकाबाई म्हणाल्या. “हे मला बघायलाच हवं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला रिक्षातून प्राध्यापिकाबाई उतरल्या, त्यांच्या पाठोपाठ दुसऱ्या रिक्षातून काकू उतरल्या, आणि दोघी एकत्रच जिना चढून वर आल्या. काकूंनी बॅगही खाली ठेवली नाही. त्या थेट गच्चीच्या दारापाशी गेल्या, तक्त्यावर एकाखाली एक लिहिलेलं ‘ओळख पटेपर्यंत स्थगित’ त्यांनी नऊ वेळा वाचलं आणि मग गच्चीत पाऊल टाकलं.

कळी आता बोराएवढी झाली होती, पण ती हिरवी आहे की लाल हे कळायला मार्ग नव्हता. तिच्यावर विभाग एक पसरला होता. शेजारच्या गुलाबाची कोवळी फूट विभाग दोनच्या ओझ्याने वाकली होती. काकूंनी चारही कार्डं वाचली. त्या काही बोलल्या नाहीत. काकांना घाम फुटला, कारण वॉर्डातल्या मुली सांगायच्या, मेट्रनबाई ओरडल्या तर काळजी नाही, गप्प झाल्या तर रजेचा अर्ज लिहा.

“अगं, चार जाती सापडल्या,” काका घाईघाईने म्हणाले. “बाई, तुम्हीच सांगा हिला.”

प्राध्यापिकाबाईंनी स्वतःचं छोटं भिंग काढलं आणि त्या कुंड्यांवरून फिरल्या. फार वेळ लागला नाही.

“काका, हा विभाग एक, हिरवा. याच्या नळ्या बघा, काळ्याकुट्ट आणि लांब. हा गुलाबावरचा नेहमीचा मावा. विभाग दोन, गुलाबी. नळ्या बघा.”

काकांनी पाहिलं. “काळ्या आणि लांब.”

“म्हणजे तोच. एकाच जातीत हिरवेही असतात आणि गुलाबीही. रंगावरून यांची जात ठरत नाही.”

“आणि विभाग तीन?” काकांचा आवाज खाली आला.

“हे किडे नाहीतच. वाढताना मावा कात टाकतो, त्या या काती. रिकाम्या आहेत, म्हणून खात नाहीत.”

“पण सोनेरी? ते तर पुस्तकातसुद्धा नाहीत!”

“गांधीलमाशीची एक अगदी चिमुकली बहीण असते, डासाहून बारीक. ती माव्याच्या पोटात अंडं घालते. आतली अळी त्याला पोखरून खाते आणि मागे ही फुगलेली साल उरते. ही नवी जात नाही, काका. हे मयत आहे.”



“म्हणजे यांनी,” काकू सावकाश म्हणाल्या, “एकच कुटुंब, त्यांचे जुने कपडे आणि त्यांची प्रेतं, असे चार विभाग केले?”

“तसंच काहीसं,” प्राध्यापिकाबाई ओठ चावत म्हणाल्या. “पण मेट्रनबाई, रागावू नका हो. तुमच्यावर फार जीव आहे यांचा. त्या चौथ्या विभागाला तुमचं नाव द्यायचं म्हणत होते फोनवर.”

काकूंनी बॅग खाली ठेवली. “मयताला?”

“तेव्हा मला ते सुसंस्कृत वाटले होते,” काका म्हणाले.

मग भुंग्यांचा विषय निघाला. माव्याचा फडशा पाडणारे भुंगे काकांनी काड्यापेटीतून हद्दपार केल्याचं ऐकून प्राध्यापिकाबाईंनी कपाळाला हात लावला. “चोरांना घरात जेवायला बसवलंत आणि पोलिसांना चार गल्ल्या पलीकडे सोडून आलात की हो!” त्यांनी सांगितलं, आता जहाल औषध मारू नका, कळी करपेल. ओल्या कापसाने एकेक किडा पुसून काढा, दिवसातून दोनदा पाण्याने धुवा. सोनेरी पानं तेवढी राहू द्या, त्यातून त्या बारक्या माश्या निघतील, पुढे उपयोगी पडतील.

प्राध्यापिकाबाई अजून जिन्यातच असतील, तोच त्या जिन्यातून दातांचा डॉक्टर धापा टाकत वर आला. त्याच्या हातात एक फांदी होती आणि फांदीवर विभाग एकची एक शाखा उघडली होती.

“माझ्या नऊच्या नऊ कुंड्यांवर!” तो ओरडला. “तुम्ही मुद्दाम कीड आणून सोडलीत! मी प्रदर्शनाच्या समितीकडे तक्रार करतो! तुमचं फूल आत घेतलं तर बघा!”

काकूंचा चेहरा पडला. कळी वाचली तरी आता फूल प्रदर्शनात जाणार नव्हतं. एवढ्या वर्षांत काकांनी त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता, आणि तो पाहून त्यांना मनापासून वाईट वाटलं. चौतीस वर्षांत त्यांच्यामुळे एक पुस्तक हरवलं नव्हतं, आणि इथे बायकोच्या चार वर्षांच्या मेहनतीवर त्यांनी चार दिवसांत पाणी फिरवलं होतं.

“चूक माझी आहे, डॉक्टर,” ते म्हणाले. “मीच निस्तरतो. तुमच्या कुंड्यासुद्धा.”

काकूंनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांच्यातली मेट्रन परत आली. “सकाळी आमच्या कुंड्या, संध्याकाळी तुमच्या,” त्या डॉक्टरला म्हणाल्या. “रोज. पानन्‌पान. मी स्वतः तपासेन. पण तक्रार करायची नाही. चालेल?”

डॉक्टरने हिशेब केला. फुकटात नऊ कुंड्या धुऊन मिळत होत्या. “चालेल,” तो म्हणाला.

डॉक्टर गेल्यावर काका हळूच म्हणाले, “त्याच्या कुंड्या जरा वरवर पुसल्या तर...”

“खबरदार!” काकू कडाडल्या. “त्याच्या फुलावर एक किडा राहिला आणि मी जिंकले, तर ते जिंकणं माझ्या काय कामाचं?”

पुढचे सात दिवस इंडेक्सकाका सूर्य उगवायच्या आत गच्चीत उकिडवे बसत आणि सूर्य मावळेपर्यंत तळमजल्यावर. कापूस, वाटी, पाणी. उलट्या बाजूने पान धरायचं, अंगठा न लावता पुसायचं, देठाकडून टोकाकडे जायचं, हे काकू मागे उभं राहून शिकवत होत्या. पहिल्या दिवशी त्यांना किडेच दिसत होते. चौथ्या दिवशी कळीने एक पाकळी सैल केली, आणि काकांच्या हातातला कापूस तसाच राहिला. सातव्या दिवशी फूल उमललं. मधोमध जवळजवळ काळं, कडांना मखमली लाल. काकांनी काकूंना हाक मारली नाही. दोन मिनिटं ते एकटेच बघत बसले आणि मग त्यांना स्वतःचीच लाज वाटून त्यांनी हाक मारली.

प्रदर्शनाच्या सभागृहात सकाळी ही झुंबड. काकूंनी फुलाची बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. “प्रवेशिका तुम्ही भरा,” त्या म्हणाल्या. “माझे हात मोकळे नाहीत, आणि अक्षर तुमचं चांगलं आहे.”

काका खूश झाले. रकाने भरायचं काम! नाव, पत्ता, फुलांची संख्या त्यांनी झरझर लिहिली. पुढचा रकाना होता, ‘गुलाबाच्या जातीचं नाव’.

पेन थबकलं. बारा दिवस ते या झाडाला डोळा लावून बसले होते. त्याच्या कुठल्या फांदीला किती काटे आहेत हे ते झोपेत सांगू शकले असते. त्याच्यावर राहणाऱ्यांची चार विभागांत नोंद त्यांनी केली होती. पण झाडाचं नाव काय, हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. नऊला नोंदणी बंद होणार होती आणि घड्याळात नऊला दहा कमी होती. बायकोला विचारलं तर राहिलेली अब्रूही जाणार. काका दातांच्या डॉक्टरकडे सरकले.

“डॉक्टर, सहज विचारतो. आमच्या गुलाबाची जात कुठली म्हणायची?”

“मला विचारता?” डॉक्टर म्हणाला. “पाच वर्षं मी तेच शोधतोय! मिळाली असती तर मीच लावली नसती?”

नाइलाज झाला. काका परत आले आणि काकूंच्या कानाशी लागले. “अगं, याचं नाव काय?”

“कुणाचं?”

“गुलाबाचं.”

“मला काय माहीत?” काकू म्हणाल्या. “माझ्या वॉर्डातून बरी होऊन घरी गेलेल्या एका बाईंनी काडी आणून दिली होती. मी दरवर्षी ‘लाल’ लिहिते. घेतात ते. लिहा तुम्ही पण.”

काकांनी पेन टेकवलं, पण ते पुढे जाईना. रंग म्हणजे जात नव्हे हे त्यांना आठच दिवसांपूर्वी कळलं होतं, तेही भर गच्चीत. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका रकान्यात लिहिलं: माहीत नाही.

नोंदणीवरच्या माणसाने ते दोनदा वाचलं. “मग हे लाल गुलाबांच्या गटात बसत नाही. नियमाप्रमाणे ‘अनोळखी गुलाब’ या गटात जाईल. असा गट आहे, पण सात वर्षांत त्यात एकही फूल आलेलं नाही.”

“का बरं?” काकांनी विचारलं.

“आपल्याला माहीत नाही असं लिहून कोण देतो, साहेब?”

तासाभराने निकाल लागले. लाल गुलाबांत डॉक्टर पहिला. अनोळखी गुलाबांत काकू पहिल्या, आणि त्या गटात दुसरं कुणी नव्हतंच. काकू संतापाने लालबुंद झाल्या होत्या. “एकटीच धावले आणि पहिली आले! याच्यापेक्षा दुसरा नंबर बरा होता! कशाला लिहिलंत ते? तुमच्या त्या रकान्यांना आग लागो!”

काका मान खाली घालून ऐकत होते.  इतक्यात दोन स्वयंसेवक आले, त्यांनी काकूंचं फूल उचललं आणि सभागृहाच्या मधल्या टेबलाकडे नेलं.

“कुठे नेताय?” काकू धावल्या.

“मुख्य चषकासाठी, बाई. प्रत्येक गटातलं पहिलं फूल या टेबलावर येतं. दुसरी येत नाहीत.”

काकू थबकल्या. चार वर्षं त्यांचं फूल या टेबलापर्यंत पोचलंच नव्हतं. आता ते डॉक्टरच्या फुलाच्या शेजारी ठेवलं गेलं. डॉक्टरचं फूल मोठं होतं, टवटवीत होतं, त्याच्यावर एकही किडा नव्हता. काकांनी स्वतः पुसलं होतं. मुख्य परीक्षक, पांढऱ्या केसांच्या एक वृद्ध बाई, टेबलाभोवती दोनदा फिरल्या. गडद लाल फुलाशी थांबल्या, वाकल्या, वास घेतला आणि डोळे मिटून जरा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी हात पुढे करून चषक मागितला.

टाळ्या वाजल्या. डॉक्टरनेही वाजवल्या, जरा उशिराने. तीस वर्षं कुणासमोर न डगमगलेल्या काकूंना व्यासपीठाच्या दोन पायऱ्या चढताना काकांचा हात धरावा लागला. खाली उतरल्यावर त्यांनी चषक पदराने पुसला, उलटासुलटा करून पाहिला आणि त्या काकांना म्हणाल्या, “अहो, बाहेर कारागीर बसलाय. चषकावर वर्षाच्या पुढे गुलाबाचं नाव कोरायचं असतं. आत्ताच देतात करून. सांगा लवकर.”

“काय सांगू?”

“नाव! बाकी सगळ्या वर्षांपुढे नावं आहेत. आपलीच जागा मोकळी ठेवू? शोधा की! पाकळ्या मोजा, काटे बघा, काय ते भिंग लावा!”

काकांनी फुलाकडे पाहिलं. मधोमध काळं, कडांना मखमली लाल, सकाळच्या उजेडात आणखी उमललेलं. “राहू दे गं,” ते म्हणाले. “काय सुरेख दिसतंय. नावाची एवढी काय घाई आहे?”

 काकूंनी चषक काकांच्या हातात ठेवला, पदर खोचला, आणि समोरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर जाऊन दणदणीत आवाजात विचारलं, “गुलाबाच्या जातींचं तुमच्याकडचं सगळ्यात जाड पुस्तक कुठलं हो?”